गच्चीवरचे गवत : अंथरावे, पण उचलता येईल असे

चिंचपोकळी या नावाचा अर्थ चिंचेच्या झाडांची खोलगट जागा असा सांगितला जातो. त्या चिंचा कधीच गेल्या. त्यांच्या जागी गिरण्या आल्या, १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांची धुराडीही एकामागून एक थंडावली आणि आता लालबाग, काळाचौकी, भायखळा या सगळ्या पट्ट्यात उंच इमारती उभ्या आहेत. जुन्या चाळीतून पुनर्विकसित इमारतीत राहावयास गेलेल्या अनेक कुटुंबांच्या वाट्याला आज छोटी गच्ची, सज्जा किंवा रुंदशी गॅलरी आली आहे. तेथे हिरवळ असावी ही इच्छा स्वाभाविक आहे. सूर्यप्रकाश शेजारच्या इमारतीने अडवलेला असतो, माळी परवडत नाही. तेव्हा कृत्रिम गवताची गुंडाळी आणून सुटीच्या दिवशी आपल्या हातांनीच अंथरावी, असा विचार पुष्कळ घरांत होतो.

विचार चांगला आहे आणि काम घरच्या दोघा-तिघांना जमण्याजोगे आहे. मात्र मुंबईच्या पावसात आणि जैन घराच्या आचारात बसेल अशा रीतीने ते करावयाचे असेल, तर एक नियम प्रारंभीच ठरवून घ्यावा. गवत जमिनीला चिकटवू नये. पावसाळ्यापूर्वी ते गुंडाळून उचलता आले पाहिजे. पुढचे सर्व निर्णय, म्हणजे माप, जात, खालची जाळी आणि कडा, या एका नियमावरूनच ठरतात.

कृत्रिम गवताचा जन्मच मुळी उन्हाच्या अभावातून झाला. १९६५ साली अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात ॲस्ट्रोडोम हे छत असलेले भव्य क्रीडागार सुरू झाले. आत खरे गवत लावलेले होते आणि त्याला ऊन मिळावे म्हणून छताला पारदर्शक तावदाने होती. दिवसाच्या सामन्यांत त्या तावदानांच्या झगझगाटामुळे उंच उडालेला चेंडू खेळाडूंना दिसेना, म्हणून तावदाने रंगवली गेली. ऊन बंद झाले आणि गवत मेले. १९६६ साली मोन्सँटो कंपनीचे नायलॉनचे गवत तेथे अंथरण्यात आले आणि ॲस्ट्रोटर्फ हे नाव जगभर पसरले. आपल्याकडे ते हॉकीमुळे परिचित झाले. १९७५ साली क्वालालंपूर येथे नैसर्गिक गवतावर विश्वचषक जिंकणारा भारतीय संघ पुढच्याच वर्षी मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये कृत्रिम मैदानावर सातव्या क्रमांकावर राहिला. घरगुती वापराचे आजचे गवत नायलॉनचे नसून बहुधा पॉलिथिलीन आणि पॉलिप्रोपिलीनच्या धाग्यांचे असते. धागे कापडी पाठीत टाचलेले असतात, पाठीला लॅटेक्सचा थर असतो आणि पाणी खाली जाण्यासाठी ठरावीक अंतरावर भोके असतात.

जैन घरात या वस्तूकडे आणखी एका कारणाने पाहिले जाते. वनस्पतिकाय हे एकेंद्रिय जीव आहेत. म्हणून साधू-साध्वी हिरव्या गवतावर पाऊल ठेवत नाहीत आणि जाणते श्रावकही शक्य तेथे पायवाटेनेच जातात. खऱ्या हिरवळीला रोज पाणी द्यावे लागते, ती वारंवार कापावी लागते, तिच्यावर कीटकनाशक मारावे लागते. या सर्व आरंभापासून कृत्रिम गवत कुटुंबाला वाचवते, हे खरे आहे. परंतु तेवढ्यावर समाधान मानणे म्हणजे जमेची बाजू पाहून खर्चाची बाजू न पाहण्यासारखे आहे. प्रतिक्रमणात म्हटल्या जाणाऱ्या इरियावहिय सूत्रात जाता-येता पायाखाली येणाऱ्या जीवांची गणना आहे. तीत बी आणि हिरवी वनस्पती यांच्याबरोबरच दंव, मुंग्यांची बिळे, शेवाळ, ओली माती आणि कोळ्याचे जाळे यांचाही समावेश आहे. कृत्रिम गवताने या यादीतील हिरवी वनस्पती टळते. बाकीचे सर्व, काळजी घेतली नाही तर, त्याच गवताच्या खाली गोळा होते. ओल, अंधार आणि वरून पडलेले अन्नकण एकत्र आले की आठ-पंधरा दिवसांत शेवाळ धरते, मुंग्या वारूळ करतात, गांडुळे आणि कीटक आश्रयाला येतात. आणि वर घरची माणसे निर्धास्तपणे चालत असतात. ज्या जयणेसाठी ही वस्तू घरात आणली, तिचाच भंग नजरेआड होत राहतो.

म्हणून कृत्रिम गवताची खरी परीक्षा वरच्या हिरवेपणात नसून खालच्या कोरडेपणात आहे.

हिशेबासाठी १० फूट रुंद आणि १५ फूट लांब, म्हणजे १५० चौरस फुटांची गच्ची घेऊ. तेथे सहा इंच मातीचा थर देऊन खरी हिरवळ करावयाची म्हटले, तर ७५ घनफूट माती लागेल आणि ती भिजल्यावर तिचे वजन साडेतीन टनांच्या आसपास जाईल. सामान्य स्लॅबवर एवढा बोजा टाकण्यापूर्वी संरचना अभियंत्याला विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. कृत्रिम गवताचा असा बोजा नाही. पण पाण्याचा प्रश्न तोच राहतो. मुंबईत एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस ही जुलै महिन्यात नवलाची गोष्ट नव्हे. तेवढ्या पावसात या गच्चीवर सुमारे १,४०० लिटर पाणी पडते. ते सर्व एका जाळीतून बाहेर जावयाचे असते. गवत थेट लादीवर चिकटवलेले असेल तर पाणी पाठीखाली अडते, ब्रिकबॅट कोब्यातील बारीक भेगांत शिरते आणि काही महिन्यांनी खालच्या बिऱ्हाडाच्या छताला पोपडे धरतात. मग गळती कोठून होते हे शोधण्यासाठी चिकटवलेले गवत फाडूनच काढावे लागते, गोंदाबरोबर लादीवरचा सांध्यांचा सिमेंटही निघतो आणि शेजाऱ्याशी असलेला वर्षानुवर्षांचा घरोबा बिघडतो तो निराळाच.

तेव्हा गवताच्या दुकानात जाण्यापूर्वी दोन कामे करावीत. पहिले काम परवानगीचे. सहकारी गृहनिर्माण संस्थेत इमारतीची वरची गच्ची ही साधारणपणे सर्व सभासदांची सामायिक जागा असते. पागडीच्या इमारतीत घरमालकाचा संबंध येतो. सदनिकेला जोडलेली गच्ची असली तरी संस्थेच्या कार्यकारिणीला पत्र देऊन लेखी उत्तर घ्यावे. गवत सैल अंथरणार आहोत, लादीला भोक पाडणार नाही आणि गोंद लावणार नाही, हे पत्रात स्पष्ट लिहिल्यास आक्षेपाला फारशी जागा राहत नाही. आगीच्या वेळी वापरावयाचा मार्ग किंवा आसऱ्याची जागा यांवर मात्र काहीही अंथरू नये.

दुसरे काम उताराचे. गच्चीला साधारणपणे शंभरात एक इतका उतार तरी हवा. म्हणजे १५ फूट लांबीत पाणी जाणारी बाजू सुमारे पावणेदोन इंच खाली असावी. पाणसळ नसेल तर उंच बाजूला बादलीभर पाणी हळूहळू ओतावे आणि अर्ध्या तासाने पाहावे. जेथे डबके राहिले तेथे खडूने खूण करावी. खोलगट जागा आणि भेगा गवंड्याकडून भरून घ्याव्यात, जुनी गळती असेल तर वॉटरप्रूफिंगचे काम आधी उरकावे. गळक्या गच्चीवर गवत अंथरणे म्हणजे बुडीत खात्यावर नवे कर्ज देण्यासारखे आहे.

आता मापाचा विचार. कृत्रिम गवत बहुधा दोन मीटर, म्हणजे सुमारे साडेसहा फूट रुंदीच्या गुंडाळीत येते आणि दुकानदार पूर्ण रुंदीचाच तुकडा कापून देतो. १० फूट रुंदीची गच्ची पूर्ण झाकावयाची तर १५ फुटांच्या दोन पट्ट्या घ्याव्या लागतात. दोन्ही मिळून १९५ चौरस फूट गवत होते. जागा १५० चौरस फूट, खरेदी १९५ चौरस फूट. ४५ चौरस फूट वाया आणि वर मधोमध एक सांधा. आडव्या पट्ट्या टाकल्या तरी १० फुटांच्या तीन लागतात आणि बेरीज पुन्हा १९५ चौरस फूटच येते. याउलट एकच पट्टी घेतली, तर साडेसहा फूट रुंद आणि १५ फूट लांब असा साडेसत्त्याण्णव चौरस फुटांचा अखंड तुकडा मिळतो. सांधा नाही, गोंद नाही, वाया काही नाही. उरलेली साडेतीन फुटांची पट्टी पाणी जाणाऱ्या बाजूला उघडी ठेवावी. तेथे जाळी नजरेसमोर राहते आणि तुळस, मोगरा, कोरफड यांच्या कुंड्याही मावतात. उदाहरणादाखल भाव चौरस फुटाला ६० रुपये धरला, तर पूर्ण झाकण्याचा खर्च ११,७०० रुपये आणि एका पट्टीचा ५,८५० रुपये येतो. निम्म्या पैशात काम होते आणि ते अधिक चांगले होते.

गवत निवडताना उंची पाहून भुलू नये. ४० किंवा ५० मिलिमीटरचे गवत दुकानात मऊ व दाट दिसते, परंतु ते उभे राहण्यासाठी त्यात वाळू भरावी लागते. गच्चीवर वाळू म्हणजे वजन, चोंदलेली जाळी आणि ओलाव्याला घर. २० ते २५ मिलिमीटर उंचीचे आणि बुडाशी तपकिरी कुरळ्या धाग्यांचा आधार असलेले गवत वाळूविना उभे राहते आणि दोन माणसांना सहज उचलता येते. क्रीडांगणांवर वापरतात ते रबरी दाणे तर मुळीच घेऊ नयेत; ते पाण्याबरोबर वाहून नाल्यात जातात. अशा दाण्यांच्या प्रदूषणामुळेच युरोपीय संघाने २०२३ साली नियम करून त्यांची विक्री २०३१ पर्यंत बंद करण्याचे ठरवले. दुकानात तुकडा हातात घेऊन दुमडून पाहावा. पाठ तडकत असेल, धागा ओढल्यावर सहज निघत असेल किंवा पाठीला भोके नसतील, तर भाव कितीही कमी असला तरी परत द्यावा. उन्हाने रंग न जाण्याची हमी बिलावर लिहून घ्यावी. तोंडी हमीला वसुलीच्या वेळी किंमत नसते, हे व्यापाऱ्यांना सांगावयास नको.

गवताखाली घालावयाची वस्तू गवताइतकीच महत्त्वाची आहे. एकमेकींत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या निचरा-जाळ्या बाजारात मिळतात. त्या लादीपासून गवत बोटभर वर उचलतात, पाणी खालून उताराने वाहून जाते आणि वाराही खेळतो. लहान गॅलरीसाठी अशा जाळ्यांवर गवत आधीच बसवलेले सुमारे एक फुटाचे चौकोनही मिळतात. ते लहान मुलालाही उचलता येतात. फोमची चटई किंवा जुना गालिचा खाली घालण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकू नये. पाणी धरून ठेवणारी प्रत्येक वस्तू येथे अपायकारक आहे.

प्रत्यक्ष अंथरण्यासाठी थंडीतील किंवा वसंतातील सकाळ निवडावी. आदल्या दिवशी गुंडाळी उलगडून काही तास उन्हात पसरून ठेवावी, म्हणजे घड्या निघतात आणि कडा वळत नाहीत. लादी मऊ झाडूने सावकाश झाडावी. मुंग्यांची रांग दिसली तर तिला वाट देऊन, ती निघून गेल्यावरच पुढे जावे. लादी धुतल्यास पूर्ण वाळू द्यावी. मग निचरा-जाळ्या उंच बाजूपासून उताराकडे जोडत न्याव्यात. गवताचे धागे नेहमी एका बाजूला किंचित कललेले असतात. ते बसावयाच्या जागेकडे किंवा दाराकडे झुकलेले ठेवले म्हणजे हिरवेपणा भरदार दिसतो. कापणे नेहमी पाठीकडून करावे. धाग्यांच्या दोन ओळींमधील मोकळ्या जागेतून धारदार कटर चालवावा. वरून कापल्यास धागे तुटून कडा विरळ होते. भिंतीपासून अर्धा इंच जागा सोडावी, कारण प्लास्टिक उन्हात प्रसरण पावते. जागेच्या आकारामुळे सांधा टाळता येत नसेल, तर दोन्ही पट्ट्यांचे धागे एकाच दिशेला ठेवावेत, गुंडाळीच्या काठाची मोकळी पट्टी कापून टाकावी आणि खाली सांध्याची फीत घालून गवत त्या फितीलाच चिकटवावे. जाळीला किंवा लादीला नव्हे. शेवटी ताठ केसांच्या ब्रशाने धाग्यांच्या कलाविरुद्ध घासले की गवत उभे राहते. वाऱ्याने कडा उचलू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर कुंड्या किंवा शहाबादीचे तुकडे ठेवणे पुरेसे आहे.

वापराचेही काही नियम आहेत. खरे गवत पानांवाटे पाणी बाष्परूपाने सोडून स्वतःला थंड ठेवते. प्लास्टिकला ती सोय नाही. भर दुपारच्या उन्हात त्याचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्याही पुढे जाऊ शकतो. लहान मुलांना आणि वयस्कर मंडळींना सकाळ-संध्याकाळीच तेथे अनवाणी जाऊ द्यावे. पाणी शिंपडून मिळणारा गारवा थोडाच वेळ टिकतो आणि पाणी मात्र वाया जाते. त्यापेक्षा वर हिरवी जाळी बांधावी. समोरच्या इमारतीच्या काचेवरून परावर्तित होऊन येणारे ऊन एकाच जागी पडत असेल तर तेथील धागे वितळण्याचाही संभव असतो. दिवाळीचे दिवे, उदबत्ती, शेगडी यांना गवतापासून दूर ठेवावे. पक्ष्यांना दाणा घालण्याची घरात प्रथा असेल, तर तो गवतावर घालू नये. धाग्यांत अडकलेले दाणे झाडूने निघत नाहीत, ओल धरतात आणि त्यांत कीड पडते. दर आठवड्याला कोरडा झाडू आणि महिन्यातून एकदा एक कोपरा उचलून खाली पाहणे, एवढी निगा पुरे. कोपरा उचलल्यावर कुबट वास आला तर पूर्ण गवत वाळवावयास काढावे.

आणि मग पावसाळा. पावसात हिरवी वनस्पती व सूक्ष्म जीव सर्वत्र वाढतात, म्हणून साधू-साध्वींनी चार महिने एकाच ठिकाणी राहावे, असा चातुर्मासाचा विचार आहे. गच्चीवरच्या गवतालाही तेच कॅलेंडर लागू पडते. मुंबईत पाऊस आषाढी चौमासीची वाट पाहत नाही. तेव्हा मृगाच्या सरी येण्यापूर्वी, मे महिन्याच्या अखेरीस, गवत दोन दिवस उलटे करून कडक उन्हात वाळवावे, झटकावे, सैल गुंडाळावे आणि कापडी पट्टीने बांधून कोरड्या जागी उभे करावे. जाळ्या धुऊन वाळवून एकावर एक रचाव्यात. पावसाळाभर लादी मोकळी राहते, पाणी सरळ वाहून जाते, भेग पडली तर दिसते आणि दुरुस्त होते. कार्तिकी पौर्णिमेनंतर लादी कोरडी झाली की गवत पुन्हा अंथरावे. वर्षातील साधारण सहा-सात महिने ते वापरात राहते आणि बाकीचे महिने विश्रांती घेते. उन्हापावसाचा मारा कमी झाल्याने त्याचे आयुष्यही वाढते. एकदा हात बसला की उचलण्याचे आणि अंथरण्याचे काम एका सकाळचे आहे.

जमाखर्चात शेवटची नोंद विल्हेवाटीची असते आणि ती बहुतेक जण लिहीतच नाहीत. धागे एका प्लास्टिकचे, पाठ दुसऱ्याची आणि वर लॅटेक्सचा थर, असे हे मिश्रण वेगळे करणे कठीण असल्याने भंगारात त्याला सहसा मोल येत नाही. आयुष्य संपल्यावर ते शहराच्या कचऱ्यातच जाते. म्हणून जेवढी गरज तेवढेच घ्यावे. भिंती झाकणे, पायऱ्या झाकणे, उरलेला तुकडा कोठेतरी लावलाच पाहिजे म्हणून लावणे, हा परिग्रह टाळावा. एक अखंड पट्टी पुरेशी आहे.

घरातील मुलांशीही याविषयी दोन शब्द बोलावेत. बागेत गेल्यावर गवतावर पाय देऊ नये असे ज्यांना शिकवले जाते, तीच मुले घरी गवतावर धावतात. हा फरक त्यांना कोणी समजावून दिला नाही, तर पहिला संस्कारच पुसट होतो. पिठाचा कोंबडा बळी दिल्याने राजा यशोधराला किती भव भोगावे लागले, ती कथा अनेक घरांत सांगितली जाते. वस्तू खोटी असली तरी मनातला भाव खरा असतो, हे तिचे तात्पर्य. गच्चीवरच्या प्लास्टिकवर खेळण्यात दोष नाही. पण ते प्लास्टिक आहे, आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेतील गवत सजीव आहे, हे मुलाला ठाऊक असावे. महिन्यातून एकदा कोपरा उचलून खाली पाहण्याचे काम त्याच्याकडेच सोपवावे. मुंग्या असतील तर त्यांना वाट करून देण्यास तो त्या निमित्ताने शिकेल.